माणसं मिळत नाहीत का टिकत नाहीत? जाहिरात द्यायच्या आधी हे बघून घ्या

"आजकाल कोणाला कामच करायला नको." हे वाक्य ज्याच्या तोंडातून येतं त्याला वाटत असतं की हे आपल्याच काळात सुरू झालंय. १३४८ मध्ये इंग्लंडमध्ये प्लेग आला, माणसं पटापट मेली, शेतावर मजूर उरले नाहीत, जे उरले ते साहजिकच जास्त मजुरी मागायला लागले, तर राजाने १३४९ मध्ये हुकूम काढला आणि १३५१ मध्ये थेट पार्लमेंटने कायदाच केला की प्लेगच्या आधी जी मजुरी होती तेवढ्यावरच काम करायचं. जमीनमालकांची तक्रार तेव्हाही हीच होती, मजूर आळशी झालेत आणि माजलेत. कायद्याने थोडे दिवस जोर लावला, पुढे मजुरी वाढायची ती वाढलीच. म्हणजे पावणेसातशे वर्षं जुनी तक्रार आहे ही आणि एवढ्या वर्षांत तिने मालकाचं मन हलकं करण्यापलीकडे फारसं काही साधलेलं नाही.

हे लिहितोय ते अशा लोकांसाठी ज्यांच्याकडे पाच-पन्नास माणसं कामाला आहेत, दुकान असो, वर्कशॉप, क्लिनिक, ऑफिस, काहीही, आणि वेगळं एचआर डिपार्टमेंट नाहीये किंवा असलं तरी नावापुरतं, भरतीपासून हजेरीपर्यंत सगळं मालक नाहीतर मॅनेजरच बघतो. माझं म्हणणं सरळ आहे, माणूस नोकरीच्या कितव्या दिवशी सोडून गेला हे बघा, बरीचशी कारणं तिथेच सापडतात. पहिल्या आठवड्यात पळणारा आणि तीन वर्षांनी जाणारा, दोघांची कारणं पूर्ण वेगळी असतात पण आपण दोन्हीकडे एकच उपाय करतो, परत जाहिरात देतो.

आधी यादी करा

एक शीट उघडा किंवा साधी वही घ्या. गेल्या दोन वर्षांत जे जे सोडून गेले त्या सगळ्यांची नावं लिहा, समोर पोस्ट, जॉइन झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, शिफ्ट कुठली होती, वर सुपरवायझर कोण होता, शेवटचा पगार किती होता, आणि आला कसा होता, म्हणजे ओळखीतून, जाहिरात बघून की एजन्सीकडून. सोडून कुठे गेला ते माहीत असेल तर तेही लिहा. ज्यांनी ऑफर घेतली आणि आलेच नाहीत त्यांनाही या यादीत घ्या, यांना सगळेच विसरतात. अर्ध्या दिवसाचं काम आहे, कंटाळवाणं आहे, पण हे न करता पुढचं वाचून उपयोग नाही.

मग गेलेले भागिले सरासरी माणसं, असा वर्षाचा टक्का काढा. तो काढला की लगेच बाजूला ठेवा कारण तो एकटा फसवतो. समजा २० जणांच्या ठिकाणी वर्षात १० गेले, झाले ५० टक्के. आता हे १० जण दहा वेगवेगळ्या जागांवरून गेले असतील तर गडबड सगळीकडे आहे, पगार किंवा एकूण वातावरण. पण त्याच दोन जागा पाच-पाच वेळा रिकाम्या झाल्या असतील तर उरलेले १८ जण मजेत आहेत, त्या दोन जागांत काहीतरी खोट आहे, आणि अशा वेळी सगळ्या स्टाफला टीम बिल्डिंगला घेऊन जाणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

आता यादी किती दिवस टिकला त्याप्रमाणे लावून घ्या. आलाच नाही, पहिल्या महिन्यात गेला, वर्षाच्या आत गेला, एक ते तीन वर्षांत गेला, त्याच्याही पुढे. बहुतेक ठिकाणी एका गटात गर्दी दिसते. तुमची जिथे दिसेल तो भाग नीट वाचा, बाकीचे चाळले तरी चालतील.

जे आलेच नाहीत

इथे गर्दी असेल तर तुमची जाहिरात आणि तुमचा वेग बघा. "आकर्षक पगार" लिहिणं बंद करा, आकडा लिहा, नाहीतर इथून इथपर्यंत असा पट्टा लिहा, आणि पट्टा खरा लिहा, वरचा आकडा कोणालाच द्यायचा नसेल तर तो लिहू नका. कामाचे तास, सुट्टीचा वार, उभं राहून काम आहे का बसून, रात्रपाळी आहे का, पगार कितव्या तारखेला होतो, एवढं पाहिजेच. "प्रेशरमध्ये काम करता आलं पाहिजे" असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं तिथे काय चालतं, चांगला माणूस तिथेच पुढे सरकतो.

अटी निम्म्या करा. प्रत्येक अटीपुढे विचारा, हे आपण दोन-तीन आठवड्यांत शिकवू शकतो का? शिकवू शकत असू तर ती अट काढा. सॉफ्टवेअर शिकवता येतं, बिलिंग शिकवता येतं, मशीन चालवणं बऱ्याचदा शिकवता येतं. वेळेवर येणं, गिऱ्हाइकाशी धड बोलणं, हिशोबात प्रामाणिक असणं हे तीन आठवड्यांत शिकवता येत नाही, तर तिथे अट कडक ठेवा. आपण नेमकं उलटं करतो, डिग्री आणि पाच वर्षांचा अनुभव मागतो आणि माणूस कसा आहे ते बघतच नाही. वर पगार मात्र नवशिक्याचा देतो.

आणि वेग. अर्ज आला की दुसऱ्या दिवसापर्यंत फोन गेला पाहिजे. तासावारी, शिफ्टवर काम करणारी माणसं एकावेळी चार ठिकाणी अर्ज टाकतात आणि जो पहिला बोलावतो तिथे जातात, तुमचा मॅनेजर सुट्टीवरून येऊन बायोडेटा बघेपर्यंत तो माणूस दुसरीकडे रुळलेला असतो. तीन-तीन राउंड फक्त अशा पोस्टला ठेवा जिथे चूक खरोखर महाग पडते. ऑफर दिल्यावर जॉइनिंगला महिना-दोन महिने असतील तर मध्ये गप्प बसू नका, दर आठवड्याला काहीतरी निरोप, एकदा बोलावून टीमशी ओळख, कारण नोटीस पिरियडमध्ये त्याची जुनी कंपनी त्याला थांबवायला बघत असते आणि तुम्ही मुके असता.

इंटरव्ह्यूबद्दल थोडं

गप्पा मारून माणूस ओळखतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. श्मिट आणि हंटर या दोघांनी १९९८ मध्ये भरतीवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्र हिशोब मांडला होता, त्यात मोकळ्या गप्पांच्या इंटरव्ह्यूपेक्षा ठरवून घेतलेला इंटरव्ह्यू आणि प्रत्यक्ष काम करून बघणं या दोन गोष्टी पुढचं काम कसं होईल हे बऱ्याच चांगल्या सांगतात असं आलं. २०२२ मध्ये सॅकेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते सगळे आकडे परत तपासले, बरेचसे खाली आणले, तरी ठरवून घेतलेला इंटरव्ह्यू वरच राहिला, उलट पहिल्या नंबरवर आला.

ठरवून म्हणजे काय, तर सगळ्यांना तेच पाच-सहा प्रश्न, त्याच क्रमाने, आणि प्रत्येक उत्तराला लगेच मार्क. दोघं जण घेत असतील तर दोघांनी आपापले मार्क आधी लिहायचे आणि मग बोलायचं, नाहीतर जो मोठ्या आवाजात बोलतो त्याचंच मत दोघांचं मत होतं. प्रश्न घडलेल्या गोष्टीवर विचारा. "रागावलेलं गिऱ्हाईक आलं तर काय कराल" याला सगळेच शहाण्यासारखं उत्तर देतात, त्यापेक्षा "शेवटचं रागावलेलं गिऱ्हाईक आठवतंय का, काय झालं होतं, तुम्ही काय केलंत" असं विचारा आणि मग गप्प बसून ऐका. शेवटी तासा-दोन तासांचं खरं काम द्या आणि त्याचे पैसे द्या. फुकटात दिवसभर राबवून घेतलं तर जो मजबूर आहे तोच थांबेल, ज्याला दुसरीकडे विचारतात तो निघून जाईल, म्हणजे तुमची चाळणीच उलटी लागली.

पहिल्या महिन्यात पळणारे

नव्याचे नऊ दिवससुद्धा पूर्ण होत नाहीत इथे. कारणं दोनच असतात, काम सांगितलं होतं एक आणि निघालं भलतंच, किंवा आल्यावर कोणी विचारलंच नाही.

पहिल्यावर उपाय साधा आहे पण मालकांना तो जीवावर येतो. कामातल्या वाईट गोष्टी आधीच सांगायच्या. महिनाअखेरीला उशीर होतो, गोडाऊनमध्ये उकडतं, फोनवर लोक शिव्या देतात, पहिले तीन महिने शनिवारी सुट्टी मिळणार नाही, जे असेल ते. जॉन वानस नावाच्या संशोधकाने १९७० च्या दशकात टेलिफोन ऑपरेटरच्या भरतीत हे करून बघितलं, एका गटाला कामाची गोड-गोड फिल्म आणि दुसऱ्याला खरं काम दाखवणारी. खरं बघितलेल्यांच्या अपेक्षा जमिनीवर राहिल्या आणि नंतर सोडून जायचा विचारही त्यांच्या डोक्यात कमी आला. त्यानंतर असे बरेच प्रयोग झाले, फायदा फार मोठा नसतो पण दिसतो, आणि खर्च जवळपास शून्य आहे. शक्य असेल तर उमेदवाराला तासभर काम चालू असताना तिथे उभं करा, तेही सगळ्यात गर्दीच्या वेळेला. तिथूनच परत जाणारा माणूस तुमचे दोन महिने वाचवून गेला असं समजा.

दुसऱ्यावर उपाय म्हणजे पहिल्या आठवड्याचा कागद. सोमवारी कोण भेटणार, कुठे बसणार, जेवायला कोणाबरोबर जाणार, लॉगिन किंवा गणवेश किंवा चावी आदल्या दिवशी तयार आहे का. एक जुना माणूस नेमून द्या, त्याला त्या आठवड्यात त्याचं स्वतःचं टार्गेट कमी करा, नाहीतर नवीन माणूस त्याच्यासाठी डोक्याला ताप होतो आणि नव्याला ते पहिल्या तासात कळतं. पहिल्या शुक्रवारी, पंधराव्या दिवशी आणि महिन्याने मालकाने किंवा मॅनेजरने स्वतः दहा मिनिटं बसून विचारायचं, आम्ही सांगितलं होतं त्यापेक्षा काय वेगळं निघालं? "कसं चाललंय" असं विचारू नका, त्याला "बरं चाललंय" हे उत्तर ठरलेलं आहे.

वर्षाच्या आत जाणारे

सगळ्यात जास्त गर्दी इथे असते असा माझा अंदाज, आणि इथे यादीतले दोन कॉलम बघायचे, शिफ्ट आणि सुपरवायझर.

एकाच सुपरवायझरच्या हाताखालून माणसं जात असतील तर विषय तिथेच संपला, पण मान्य करायला जड जातं कारण तो सुपरवायझर सहसा तुमचा सगळ्यात चांगला कामगार होता, म्हणूनच तुम्ही त्याला वर नेलात. बेन्सन, ली आणि शू या तिघांनी अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्यांच्या सेल्स टीमचा डेटा तपासून २०१९ मध्ये दाखवलं की जे विक्रीत भारी असतात त्यांनाच मॅनेजर करतात आणि तेच नंतर मॅनेजर म्हणून कमी पडतात. चांगल्या कामगाराला पगार आणि मान वाढवून द्या की, पण माणसं हाताळायचं काम ज्याला जमतं त्याला द्या. आणि ज्याला आधीच दिलंय त्याला एकदम काढू नका, आधी शिकवा. चारचौघांत ओरडायचं नाही, सुट्टीचा अर्ज दोन दिवसांत हो किंवा नाही सांगायचा, चूक झाली तर राग कामावर काढायचा, माणसावर नाही, एवढ्या तीन गोष्टी तीन महिने पाळल्या तरी आकडा हलतो की नाही बघा.

शिफ्टचं तर विचारूच नका. उद्याची शिफ्ट आज रात्री कळते आणि मग आपण म्हणतो पोरं सिरियस नाहीत. ज्याच्या घरी लहान मूल आहे, आजारी माणूस आहे, जो शिकतोय, दुसरी छोटी नोकरी करतोय, त्याला उद्या किती वाजता यायचंय हेच माहीत नसेल तर तो टिकणार कसा? आणि मालकाला भीती असते की वेळापत्रक पक्कं केलं तर धंद्याला झेपणार नाही. गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को भागातल्या २८ दुकानांत २०१५-१६ च्या सुमाराला संशोधकांनी प्रयोग केला, शिफ्ट दोन आठवडे आधी सांगणं सगळ्याच दुकानांत होतं, त्यातल्या काही दुकानांत शिफ्ट पक्क्याही केल्या आणि आपसात बदलायला सोय दिली, बाकीच्यांत ते केलं नाही. पक्क्या शिफ्टवाल्या दुकानांची विक्री साधारण ७ टक्क्यांनी जास्त झाली, कारण अनुभवी लोक टिकले आणि गर्दीच्या वेळेला ते हजर होते. दुकान चालवणाऱ्यांसाठी ७ टक्के म्हणजे काय ते मी सांगायला नको.

ऑफिसवाल्यांसाठी याचाच भाऊ म्हणजे घरून काम. ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीत १,६०० च्या वर कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला, काहींना आठवड्यातले दोन दिवस घरून काम, काहींना पाचही दिवस ऑफिस. २०२४ मध्ये त्याचा पेपर आला, दोन दिवसवाल्यांत नोकरी सोडायचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं आणि कामगिरीत, प्रमोशनमध्ये काही फरक पडला नाही. गंमत म्हणजे प्रयोगाच्या आधी मॅनेजर लोकांना वाटत होतं की काम कमी होईल, नंतर त्यांचंच मत बदललं.

पगार उशिरा होत असेल तर वरचं सगळं सोडा आणि आधी ते दुरुस्त करा. थोडा कमी पण ठरल्या तारखेला मिळणारा पगार बरेच लोक पसंत करतात, हप्ते आणि भाडं तारखेला जातं.

एक ते तीन वर्षांत जाणारे

ही माणसं शिकून तयार झालेली असतात, त्यामुळे हे गेले की जास्त दुखतं. आणि इथे बहुतेक वेळा पगाराचाच विषय असतो, पण जसा आपल्याला वाटतो तसा नाही. होतं काय, बाजारात रेट वाढतो, नवीन माणूस त्या रेटने घ्यावा लागतो, आणि दोन वर्षं काम करून नव्याला शिकवणारा जुना त्याच्यापेक्षा कमी पगारावर असतो. पगार गुप्त ठेवा असं कितीही सांगा, चहाच्या सुट्टीत सगळं बाहेर येतं. मग जुना माणूस इन्क्रिमेंट मागत नाही, गुपचूप बाहेर अर्ज टाकतो, आणि राजीनामा हातात पडला की आपण घाईने पगार वाढवायला तयार होतो. तेव्हा त्याला कळतं की पैसे होते, फक्त द्यायचे नव्हते. थांबला तरी मन उडालेलं असतं, आणि बाकीच्यांना धडा मिळतो की वाढ पाहिजे तर राजीनामा द्या.

त्यामुळे नियम करून टाका, कुठल्याही पोस्टवर नवीन माणूस घ्यायच्या आधी त्याच पोस्टवरच्या जुन्यांचे पगार समोर ठेवायचे. नव्याचा आकडा जुन्याच्या वर जात असेल तर आधी जुन्याचा वाढवा, त्याने न मागता वाढवा. परवडत नसेल तर नवीन माणूसही त्या रेटने परवडत नाही असं समजा.

पगार वाढवावा का, याचं गणित करता येतं, तेही भावना बाजूला ठेवून. महिन्याचा पगार १०० धरा. माणूस गेला की जाहिरात-एजन्सीचे समजा ३०, मालकाचा आणि सुपरवायझरचा इंटरव्ह्यूतला वेळ २०, नवा माणूस पहिल्या महिन्यात अर्धंच काम करतो म्हणून ५०, दुसऱ्या महिन्यात पाऊण म्हणून २५, शिकवणाऱ्याचा वेळ ३०, बाकीच्यांचा ओव्हरटाइम ४०. झाले १९५, म्हणजे जवळपास दोन महिन्यांचा पगार. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका. आता त्या पोस्टवर १० जण असतील तर सगळ्यांना १० टक्के वाढ म्हणजे वर्षाला १२ महिन्यांचे पगार. वसूल व्हायला वर्षाला सहा-सात राजीनामे कमी झाले पाहिजेत. वर्षाला २० जण जात असतील तर हे सहज शक्य आहे, वाढ द्याच. वर्षाला चारच जात असतील तर नुसत्या गळतीच्या हिशोबाने ही वाढ वसूल होत नाही, पैसे दुसऱ्या ठिकाणी लावा. हे साधं गणित न करता एक बाजू म्हणते पगार वाढवला की सगळं सुटतं आणि दुसरी म्हणते पगाराने काही होत नाही.

हेन्री फोर्डचं उदाहरण सगळे देतात आणि अर्धंच देतात. १९१३ मध्ये त्याच्या कारखान्यात गळती होती ३७० टक्के, म्हणजे एक जागा भरलेली ठेवायला वर्षात जवळपास चार माणसं घ्यावी लागत होती, कारण असेंब्ली लाइनचं तेच-तेच काम कोणाला सोसत नव्हतं. जानेवारी १९१४ मध्ये त्याने दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, आधीच्या दुप्पट, आणि नऊ तासांचा दिवस आठ तासांवर आणला. १९१४ मध्ये गळती ५४ टक्क्यांवर आली, १९१५ मध्ये १६ वर. लोक याला दिलदारी म्हणतात, तो मुळात गळतीवरचा खर्च वाचवत होता. आणि जे सांगत नाहीत ते हे की त्या पाचातला निम्म्याच्या आसपास हिस्सा नफ्यातला वाटा म्हणून होता, तो मिळायला घर-संसार कंपनीला पसंत पडेल असा ठेवावा लागायचा, त्यासाठी कंपनीची माणसं घरी येऊन चौकशी करायची. तेवढा भाग उचलू नका.

पैशाव्यतिरिक्त इथे अजून एक प्रश्न असतो, पुढे काय? दहा जणांच्या ठिकाणी प्रमोशनला जागाच नसतात हे खरं आहे. पण कामाच्या पायऱ्या करता येतात, म्हणजे ही तीन कामं स्वतंत्रपणे येतात तर एवढा पगार, पाच येतात तर एवढा, शिकवूही शकतो तर एवढा. भिंतीवर लावून टाका. पगार कधी वाढेल हे मालकाच्या मूडवर नसून कशावर आहे ते माणसाला दिसलं पाहिजे.

जुनी खोडं

पाच-सात वर्षं काढलेला माणूस जातो तेव्हा बाकीचे चपापतात. तो सहसा एका कारणाने जात नाही. बऱ्याचदा असं होतं की नवीन लोक टिकत नाहीत, प्रत्येक वेळी त्यांचं काम जुन्यांवर येऊन पडतं, प्रत्येक नव्याला परत पहिल्यापासून शिकवायचं, आणि याचं त्याला वेगळं काही मिळत नाही. म्हणजे पहिल्या महिन्यातली गळती शेवटी इथे येऊन फुटते. जागा रिकामी असेल तेव्हा ते काम कोण करतंय ते लिहा आणि त्याला तेवढ्या काळाचा जादा मोबदला द्या, नाहीतर काही काम सरळ बंद ठेवा. एखादा रिपोर्ट कोणी वाचत नाही, एखादी सेवा आठवड्यातून दोनच गिऱ्हाइकं मागतात, करा बंद.

विचारायचं कोणाला आणि कधी

शेवटच्या दिवशीच्या एक्झिट इंटरव्ह्यूवर माझा विश्वास नाही. सेटलमेंट आणि अनुभवाचं पत्र तुमच्या हातात असताना कोण खरं बोलेल? "घरगुती कारण" लिहून मोकळे होतात. सगळे पैसे दिल्यावर दोन-तीन महिन्यांनी फोन करा, सुपरवायझर सोडून दुसऱ्या कोणीतरी, आणि एकच गोष्ट विचारा, पहिल्यांदा दुसरीकडे बघावंसं वाटलं तो दिवस कुठला होता, त्या दिवशी काय झालं होतं. लोकांना तो दिवस लख्ख आठवतो.

आणि जे अजून आहेत त्यांना विचारा. वर्षातून दोनदा, अर्धा तास. उद्या सोडून जायची वेळ आली तर कशामुळे येईल? कामातली कुठली गोष्ट रोज डोकं उठवते? ऐकून घ्या, वाद घालू नका, आणि त्यातली एक तरी गोष्ट पंधरा दिवसांत करून दाखवा. करणार नसाल तर विचारूच नका, विचारून काहीच न करणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.

बाँड, डिपॉझिट, सर्टिफिकेट अडकवून ठेवणं, पगार मागे ठेवणं, यातलं काही करत असाल तर आजच थांबवा. ओळखीची कागदपत्रं ठेवून घेणं आणि पगार रोखून धरणं या दोन्ही गोष्टी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वेठबिगारीच्या लक्षणांच्या यादीत आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याला दुसरीकडे नोकरी मिळते असा माणूस अशा अटी वाचून येतच नाही.

खरंच माणसं नसतील तर

असंही असतं. जपानमध्ये १५ ते ६४ वयाची माणसं १९९५ च्या सुमाराला ८.७ कोटी होती, आता साडेसात कोटींच्याही खाली आलीत. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये एका बाईमागे सरासरी ०.७२ मुलं, म्हणजे पुढे कामाला येणारी पिढीच अर्ध्याहून लहान. अशा ठिकाणी कितीही चांगली जाहिरात द्या, सगळ्यांना पुरतील एवढी माणसंच नाहीत. मग कामच फोडावं लागतं. आठ तासांच्या एका जागेच्या चार-चार तासांच्या दोन करा, ज्यांना पूर्ण दिवस जमत नाही असे पुष्कळ लोक त्यात येतात, मुलं शाळेत गेल्यावर मोकळ्या असलेल्या बायका, रिटायर झालेले, शिकणारे. मशीन घ्यायचंच असेल तर जे काम माणसांना सगळ्यात जास्त नकोसं वाटतं त्यासाठी आधी घ्या, जे दिसायला भारी त्यासाठी नाही.

काही जागा अशा असतात की तिथे माणूस वर्ष-दीड वर्षाच्या वर थांबणारच नाही, आणि थांबावा असा हट्ट धरूही नये. तिथे उघड बोला, दीड वर्ष मन लावून कर, एवढं-एवढं शिकवतो, नंतर चांगलं पत्र देतो. ट्रेनिंग दोन महिन्यांचं असेल तर दोन आठवड्यांत बसवा, सगळं काम लिहून ठेवा, म्हणजे माणूस बदलला तरी धंदा अडत नाही.

आणि जो चांगला होता आणि गेला त्याचा नंबर डिलीट करू नका. जाताना तोंड वाकडं न करता वेळेवर हिशोब द्या, सहा महिन्यांनी सहज फोन करा. नवीन ठिकाणी सांगितलं होतं तसं निघालं नसेल तर तो स्वतःहून विचारेल जागा आहे का म्हणून, त्याला काम येतं, कटकटी माहीत आहेत, पहिल्या महिन्यात पळून जायची भीती नाही. फक्त घेताना त्याचा पगार, जे सोडून न जाता थांबले त्यांच्या वर जात नाहीये ना ते बघा, नाहीतर यादीतल्या एक ते तीन वर्षांच्या गटात गर्दी सुरू होईल.